बेंचमार्क एसीतला धरायचा की आपल्या खोलीतला?

धरमपेठकर:
नवीन पीसी जोडायचा म्हटलं की प्रोसेसरवर तासभर चर्चा होते आणि मदरबोर्ड मात्र ‘बजेटमध्ये बसेल तो’ असा ठरतो. माझं स्पष्ट मत आहे की बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची टेस्ट, या दोघांचा जोडीनेच घ्यावा. तोही आपल्याच खोलीत, निदान अर्धा तास, आणि जमलं तर मे महिन्यात.

इंटेलच्या कोअर आय७-१३७०० प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण ती बेस पॉवर. टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून पळताना, तो २१९ वॅटपर्यंत जातो. ही सगळी वीज बोर्डावरच्या व्हीआरएममधून, म्हणजे प्रोसेसरला हवं ते व्होल्टेज करून देणाऱ्या भागातून येते. एच६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर फेज (हा भार वाटून घेणारे टप्पे) कमी असतात आणि त्यातल्या मॉस्फेटवर, म्हणजे तापणाऱ्या स्विचवर, बरेचदा हीटसिंकच नसतो. सुरुवातीला स्कोअर दणदणीत येतो. मग व्हीआरएम तापतं, बोर्ड वीज कापतो आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, घसरतो. एसी खोलीत पटकन घेतलेल्या आकड्यात हे दिसतच नाही. आणि आपण राहतो कुठे? २०१३ च्या मेमध्ये इथे नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

बर्डीचा असेंबलर:
भाऊ, अजिबात पटलं नाही. बेंचमार्क तुलनेसाठी असतो. तुमच्या खोलीत ४० अंश, माझ्याकडे २६, मग दोन आकडे शेजारी ठेवून कळणार काय? म्हणूनच रिव्ह्यू करणारे खोलीचं तापमान स्थिर ठेवतात. उन्हाळ्याचा हिशेब नंतर मांडता येतो. वॅट आणि फॅनचा वेग तेवढाच असेल, तर खोली १५ अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते.

धरमपेठकर:
हा हिशेब चिप मर्यादेला टेकेपर्यंतच चालतो. एसीत ८८ अंशांवर असलेल्या चिपला १५ मिळवा, १०३ होतात. १३७०० ची मर्यादा १०० आहे. तिथे तापमान थांबतं आणि वेग पडतो. किती पडतो, ते बेरजेतून निघत नाही, चालवूनच बघावं लागतं. व्हीआरएमचं तर रिव्ह्यूत बहुतेक वेळा मोजमापच नसतं.

महालकर:
पण हे कोणासाठी चाललंय? आमच्या भागातल्या दुकानांत टॅली, ब्राउझर, फार तर मुलांचा अभ्यास. ही कामं एकदोन कोअरवर होतात, वॅटची मर्यादा तिथे आडवी येतच नाही. आय५-१२४०० घ्या. त्याची टर्बो पॉवरच ११७ वॅट, आणि तीही सगळे कोअर राबले तरच. बरा एच६१० त्याला पुरतो. महागड्या बोर्डाचे पैसे रॅमच्या दुसऱ्या स्टिकला द्या. एकाच स्टिकवर सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे रॅमच्या एकाच वाटेवर, पीसी चालवणारे कितीतरी लोक सिनेबेंच या प्रोसेसर टेस्टचे स्कोअर टाकून राहिले!

एडिटिंगवाला:
महालकर, तुमच्या कामापुरतं बरोबर आहे. माझं काम लग्नाचे व्हिडिओ. लग्नसराई आणि ऊन एकाच वेळी येतं, आणि एक्सपोर्ट भर दुपारी तासन्‌तास चालतो. खोलीत डेझर्ट कूलर असला तरी कॅबिनेटमध्ये गरमच हवा जाते. सिनेबेंच आर२३ ची एकच फेरी माझ्या काही कामाची नाही. त्यात दहा मिनिटांची टेस्ट आहे, तीसुद्धा मला कमी वाटते. मी आधी माझाच एक जुना प्रोजेक्ट एक्सपोर्ट करतो आणि तापमान-वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवतो. पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ती वीज), व्हीआरएमचं तापमान आणि थ्रॉटलिंगचा, म्हणजे वेग कापला गेल्याचा रकाना, एवढं बघतो.

बर्डीचा असेंबलर:
ही पद्धत चांगली आहे. पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘ऑटो’वर प्रत्येक बोर्ड वेगळी पॉवर लिमिट, म्हणजे वॅटची मर्यादा, लावतो. म्हणजे तुम्ही दोन बोर्ड नव्हे, दोन कंपन्यांच्या सेटिंग तपासता. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीत जास्तीच्या व्होल्टेजने प्रोसेसर अस्थिर होऊन खराब झाले, ते आठवा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलला ०एक्स१२९ मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, द्यावा लागला. त्यामुळे आधी बायोस अपडेट, मग इंटेलची डिफॉल्ट सेटिंग, मग एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग). बेंचमार्क त्यानंतर. आणि स्कोअरसोबत खोलीचं तापमान न लिहिणाऱ्याचा आकडा मी तरी धरत नाही.

धरमपेठकर:
लिमिट सारखी ठेवावी, मान्य. तापमान लिहावं, तेही मान्य. पण ते एसीतलंच असावं हा आग्रह मला मंजूर नाही. ३८ लिहा आणि टाका. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला तोच आकडा कामाचा आहे.

महालकर:
एवढ्या उष्णतेशी भांडायचंच कशाला? एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या. स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या सेटिंगवर, ८८ वॅटच्या वर जातच नाही, साधा बोर्डही आरामात सांभाळतो.

एडिटिंगवाला:
तो सहा कोअरचा, १३७०० सोळा कोअरचा. एक्सपोर्टमध्ये हा फरक लपत नाही. मी १३७०० च ठेवीन, व्हीआरएमवर हीटसिंक असलेल्या बी७६० बोर्डावर, आणि उन्हाळ्यात बायोसमधून १२५ वॅटला बांधीन. कोणाकडे अशी जोडी असेल तर १२५ वरचा अर्ध्या तासाचा आकडा टाका, दुपारचा, एसी बंद ठेवून.