स्लॅबला आरएमसी (प्लँटवरून गाडीत तयार येणारं काँक्रीट) किती क्युबिक मीटर सांगू? माझं उत्तर ३५, मिस्त्री म्हणतो ११

सांगलीकर_७: गावाकडं घराचं काम चालूय, पुढच्या आठवड्यात स्लॅब टाकायचाय. ३० बाय ३० फूट, जाडी ५ इंच. आमच्याकडं सगळं ब्रासमध्ये चालतं पण आरएमसीवाला म्हणतोय क्युबिक मीटरमध्ये सांगा. मी ९०० स्क्वेअर फुटाला ५/१२ नं गुणलं, ३७५ घनफूट आले, मग मीटर करायला १०.७६ नं भागलं तर जवळजवळ ३५ येतात. मिस्त्री कागद न घेताच म्हणाला अकराच्या आत बसतंय. एवढा फरक कसा काय, कोण चुकतंय?

साईटवाला: तू चुकतोयस :) १०.७६ हा स्क्वेअर फुटाचा आकडा आहे, घनफुटाला ३५.३ नं भागायचं. १०.६ येतील.

खडीवाळू: मिस्त्रीनं ब्रासवरून काढलं असणार. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट म्हणजे २.८३ क्युबिक मीटर, तुझे झाले पावणेचार ब्रास, गुणून बघ. पण एक सांगतो, वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटाचा असतो आणि स्लॅबच्या मजुरीचा रेट ब्रासवर सांगतात तो १०० स्क्वेअर फुटाचा, म्हणजे तुझा स्लॅब मालाला पावणेचार ब्रास आणि मजुरीला नऊ. आमच्या मेव्हण्यानं पावणेचार ब्रासच्या मजुरीचेच पैसे बाजूला काढून ठेवले होते, बिलाच्या दिवशी सेंटरिंगवाल्याशी (स्लॅबखालचा साचा लावणारा) तासभर वाद.

साईटवाला: आणि बीम धरलेस का? १०.६ नुसता स्लॅब झाला.

सांगलीकर_७: नाही धरले की राव. सगळे मिळून १०० फूट लांबी, ९ इंच रुंद, स्लॅबच्या खाली १० इंच दिसतात.

साईटवाला: मग ०.७५ गुणिले ०.८३ गुणिले १००, म्हणजे ६२ घनफूट, पावणेदोन क्युबिक मीटर. एकूण साडेबाराच्या जवळ. वर सांडलवंड, पाईपमध्ये राहणारा माल, सेंटरिंगची प्लेट थोडी जरी खाली दबली तरी जाडी वाढते. १३ सांग.

सांगलीकर_७: त्याची गाडी ६ ची आहे, दोन गाड्यांत १२ च येणार ना?

खडीवाळू: तिसऱ्या गाडीचं आत्ताच बोलून घे. दुसरी गाडी रिकामी व्हायच्या जरा आधी उरलेला भाग टेपनं मोजायचा आणि प्लँटला फोन करून नेमकं किती पाठवायचं ते सांगायचं, आम्ही असंच करतो. आणि फोनवर मीटरच म्हण, ब्रास म्हणू नको :D