मदत हवी आहे: सिंगापूरचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) आणि मुलाची एनएस (नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा)

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पासवर आहोत. मुलगा 14 वर्षांचा, डिपेंडंट पासवर. पीआरचा अर्ज भरायला घेतलाय आणि घोडं एकाच ठिकाणी अडलंय: त्यात मुलाचं नाव घालायचं की नाही?

नोकरीच्या जोरावर पीआर मिळालेल्या पहिल्या पिढीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एनएस माफ असते. आईवडिलांच्या अर्जातून पीआर झालेल्या मुलाला मात्र ती करावीच लागते. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, 18 व्या वर्षापासून दोन वर्षं पूर्णवेळ सेवा आणि त्यानंतर राखीव दलात वर्षाला 40 दिवसांपर्यंत बोलावणं. टाळाटाळ केली तर 10,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सेवा न करता पीआर सोडला, तर पुढे मुलाने इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं की ते आडवं येतं. आमच्या री-एंट्री परमिटलाही (पीआर राखून देशाबाहेर जाऊन परत येण्याचा परवाना) धक्का लागू शकतो.

सैन्याला पर्याय म्हणाल तर पोलीस किंवा सिव्हिल डिफेन्स (अग्निशमन आणि बचाव दल), आणि तेही कुठे पाठवायचं ते सरकार ठरवतं. मन मानत नाही म्हणून शस्त्र न धरण्याची सोय कायद्यात नाही. यहोवा विटनेस या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची मुलं आजवर त्यापायी कोठडीत गेली आहेत.

एवढं कडक का, याचं उत्तर मला इतिहासात सापडलं. 9 ऑगस्ट 1965 ला मलेशियातून वेगळं झालेल्या या देशाकडे पायदळाच्या फक्त दोन बटालियन होत्या. सैन्य उभारायला पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी आधी भारताकडे आणि इजिप्तकडे मदत मागितली होती, शास्त्रीजींना पत्र पाठवलं होतं. मदत शेवटी इस्राएलने केली. 1967 साली, देश दोन वर्षांचाही झालेला नसताना, सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. त्यामुळे या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. या देशाने आम्हाला खूप दिलंय. इथे राहायचं तर जे इथल्या मुलांना ते आपल्याला, हे मला पटतं. पण ती दोन वर्षं माझी नाहीत, लेकाची आहेत.

तो स्वतः तयार आहे. शेजारच्या काकूंचा मुलगा सध्या तेकोंग बेटावर बेसिक ट्रेनिंगला आहे. सुट्टीला घरी येतो तेव्हा डोकं तासलेलं, बुटांना लाल चिखल, पाठीवर भलीमोठी बॅग. जेवतो आणि तिथेच सोफ्यावर झोपतो. आमचा लेक त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत असतो! पण 14 व्या वर्षीचा होकार कितपत धरायचा?

शिक्षणाचं कोडं वेगळंच. बारावी किंवा पॉलिटेक्निक होईपर्यंत सेवा पुढे ढकलता येते, डिग्रीसाठी येत नाही. इथल्या युनिव्हर्सिटीत मिळालेली जागा सेवा संपेपर्यंत राखून ठेवतात, ते ठीक. पण नवऱ्याच्या मनात आयआयटी आहे आणि जेईई ॲडव्हान्स्ड देता येते ती सलग दोनच वर्षं. बारावीनंतर लगेच एनएस लागली तर तो रस्ता बंदच झाला ना?

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया लिहा. सीबीएसईच्या मुलांना बारावीपर्यंतची मुदत सहज मिळाली का? भारतीय पासपोर्ट ठेवूनच सेवा केली असेल, तर पुढे भारतात काही अडचण आली का? मुलाला वगळून फक्त आईवडिलांनी पीआर घेतला असेल, तर त्याच्या पासचं पुढे काय झालं? आमचं घर शाकाहारी आहे, तेव्हा कॅम्पमधल्या जेवणाबद्दलही सांगा. आणि एखाद्या मुलाने स्वतःच इथे येऊन लिहिलं तर फारच बरं, लेकाला वाचायला देईन.

एजंटांचे नंबर नकोत. अर्ज या महिनाअखेर भरायचा आहे.