जुनी टर्बो पेट्रोल रोजच्या वापराला: खरा ॲव्हरेज किती धरावा आणि घेताना काय तपासावं?

घाटमाथा
मंडळी, सेकंडहँड टर्बो पेट्रोल बघतोय. यादीत तीन गाड्या आहेत: २०१४ ची पोलो जीटी टीएसआय (डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २०१४ ची इकोस्पोर्ट इकोबूस्ट आणि २०१७ ची बलेनो आरएस. रोज कोथरूड ते हिंजवडी, एका बाजूला १७ किमी. महिन्यातून दोनदा सातारा. एआरएआयचे (वाहन चाचणी संस्थेचे) आकडे अनुक्रमे लिटरला १७.२, १८.९ आणि २१.१ किमी आहेत. ते रस्त्यावर मिळत नाहीत, हे ठाऊक आहे. मग किती धरून चालू? आणि कमी देत असेल तर दोष टर्बोचाच असतो का?

तेलपाणी
पुण्याच्या गर्दीत पोलो ९ ते ११ देते, फारच तुंबलेल्या दिवशी ८. हायवेला ९०-१०० वर स्थिर ठेवलीत तर १५ ते १७. इकोबूस्ट शहरात तेवढीच, पण गाडी उंच आणि जड असल्यामुळे हायवेला एक-दीड कमी धरा. बलेनो आरएस जेमतेम ९५० किलोची आहे, ती शहरात १२-१३ आणि बाहेर १७-१८ देते.

आता दोष टर्बोचा का, ते आकडेमोड करून बघा. एसी लावून उभी असलेली गाडी तासाला साधारण ०.९ लिटर पेट्रोल पिते. तुमच्या १७ किमीत एकूण २५ मिनिटं सिग्नल आणि कोंडीत गेली, तर तेवढ्यातच ०.३७ लिटर गेलं. चालताना गाडी १४ देतेय असं धरलं तर १.२१ लिटर. बेरीज १.५८, म्हणजे पावणेअकराचा ॲव्हरेज. गाडी ठणठणीत असूनही! ही वेळ टर्बो नसलेल्या गाडीलाही अशीच भोवते. हिंजवडीला अर्धा तास आधी निघणं हा कुठल्याही ॲडिटिव्हपेक्षा खात्रीचा उपाय आहे.

मोजायचं असेल तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो बहुधा चढाच असतो. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरा. "सर, राऊंड फिगर करू?" म्हटलं तर नाही म्हणा, त्या अर्ध्या लिटरने हिशेब बिघडतो. अशा तीन टाक्यांची सरासरी घ्या, एकीवरून काही ठरवू नका.

नटबोल्ट
वरचं सगळं बरोबर, पण टर्बोची स्वतःची एक खोड आहे, ती समजून घ्या. हळू चालवताना मिश्रण १४.७ भाग हवा, १ भाग पेट्रोल असं असतं. पेडल खोल दाबलंत की बूस्ट (टर्बो इंजिनात दाबतो त्या हवेचा दाब) वाढतो, एक्झॉस्ट तापतो, आणि त्या काळातलं ईसीयू (इंजिनाचा संगणक) टर्बाइन व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) वाचवण्यासाठी जादा पेट्रोल टाकतं. मिश्रण १२ च्या आसपास येतं. हे जादा पेट्रोल ताकदीसाठी नाही, थंड करण्यासाठी जातं. म्हणून एकाच गाडीत एकाला १६ आणि दुसऱ्याला ११ मिळतो.

पोलोचा १७५ एनएम टॉर्क १५०० आरपीएमपासूनच मिळतो. ३००० पर्यंत ताणायची गरजच नाही. मॅन्युअल गाडीत २०००-२२०० ला गिअर वाढवा, मात्र १३०० ला वरच्या गिअरमध्ये कुंथवू नका. इतक्या खाली जोर दिला की नॉकिंग होतं (मिश्रण अवेळी पेटतं), ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतं आणि ॲव्हरेज उलट घसरतो. डीएसजीत डी मोड पुरेसा आहे, एस मोड गिअर धरून ठेवतो.

साताऱ्याच्या रस्त्यावर १०० ऐवजी १२० ठेवलंत तर हवेचा अवरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. टर्बोवाल्यांना हा वेग जाणवत नाही, तिथेच फसगत होते.

सह्यकडा
इंधनाचा मुद्दा राहिला. या तिन्ही गाड्या ई२० च्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) आधीच्या काळातल्या आहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर ई२० मध्ये ६-७ टक्के तूट येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी हाच अंदाज आहे. म्हणजे पूर्वी ११ देणारी आता सव्वादहा देईल. तेवढ्यासाठी मेकॅनिककडे धावू नका. ११ ची ८ झाली असेल तर मात्र नक्की काहीतरी बिघडलंय. शिवाय जुने रबरी पाइप आणि सील ई२० साठी बनलेले नाहीत. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतोय का बघा.

नटबोल्ट
खरं. आता बिघाड कुठे शोधायचे ते सांगतो. एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारा) घ्या, स्वस्तातला चालतो.

सगळ्यात आधी कूलंटचं तापमान. इंजिन थंड असताना निघा. दहा-पंधरा मिनिटांत ते ९० च्या आसपास पोचून तिथेच टिकायला हवं. हायवेला ७० वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, आणि ते पेट्रोल जास्त टाकत राहतं. कमी खर्चाचा भाग आहे, पण डॅशबोर्डला तापमानाचा काटाच नसला तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी टाकतंय तो आकडा. ±५ उत्तम. +१० च्या वर असेल आणि उभ्या गाडीत जास्त, २५०० आरपीएमला कमी होत असेल, तर कुठून तरी हवा आत शिरतेय. बहुतेक वेळा पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनातले वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलेला असतो किंवा इनटेकचं गॅस्केट गेलेलं असतं. वेग वाढल्यावरही + राहत असेल तर इंजेक्टर, पेट्रोलचा दाब किंवा थकलेला ऑक्सिजन सेन्सर.

तिसरी गोष्ट बूस्टची गळती. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्यांवर जोडापाशी तेलकट काळपट डाग दिसले की क्लिप ढिली आहे. चढावर फुस्स आवाज येतो, गाडी ओढत नाही, चालक पेडल आणखी दाबतो.

स्पार्क प्लगची गॅप टर्बोत ०.७-०.८ मिमी लागते. झिजून ती वाढली की बूस्टच्या दाबात ठिणगी विझते आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. शेवटी ब्रेक: वीस मिनिटं चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) चिकटलाय. हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेला असतो, तोच थंड टायरला भरा.

तेलपाणी
तिन्ही इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची आहेत, हे विसरू नका. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत, त्यांच्यावर काजळी साचते. टाकीत ओतायचा क्लीनर त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचूच शकत नाही. त्याने फार तर इंजेक्टर साफ होतील. लाखभर किलोमीटर झालेली गाडी थंड असताना थरथरत असेल तर मॅनिफोल्ड उतरवून हाताने किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने साफ करावं लागतं.

पोलोत सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद टायमिंग चेन खडखडली तर ती गाडी सोडून द्या. वेस्टगेटच्या (टर्बोचा बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या) दांड्याचा खुळखुळाटही ऐका. इकोबूस्टचा टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो. २०१४ ची गाडी म्हणजे त्याची दहा वर्षं उलटली. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा, कारण बेल्टचे कण तेलाच्या जाळीत अडकले की आधी तेलाचा दाब जातो, मग टर्बो. तेल ५डब्ल्यू-२० आणि फोर्डच्या स्पेसिफिकेशनचंच, दुसरं नाही.

घाटमाथा
खूप आभार सगळ्यांचे. सीएनजी किट बसवून घेतलं तर?

नटबोल्ट
डायरेक्ट इंजेक्शनला नको. इंजेक्टरचं टोक थेट ज्वलनकक्षात असतं आणि त्यातून वाहणारं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. सीएनजीवर चालवताना ते बंद झालं की टोक भाजतं. तुमच्या वापराला मी बलेनो आरएस घेईन, बेल्टची चिंता नाही आणि शहरात दोन किलोमीटर जास्त.

आणि बघायला जाताना विक्रेत्याला सांगा, गाडी आधी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्कॅनरमध्ये बिघाडाचे कोड नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका, रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण आहेत का तेही बघा. अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. मग शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा स्कॅन करू द्याल का, असं विचारा.