अनुभव धागा: आजारपणातला सुईदोरा

गेल्या पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. कूलर बंद केला, पण टाकीतलं पाणी काढायचं राहून गेलं. त्याचं पुढे काय होतं ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. ताप चौथ्या दिवशी उतरला, सांधे मात्र तीन महिने धरून बसले. सकाळी कपाचा कान धरवत नव्हता.

पडून पडून वैताग आला तेव्हा आईच्या विटलेल्या सुती साड्या काढल्या आणि गोधडी शिवायला घेतली. आमच्याकडे कडेपासून आत आत धावदोरा घालत नेतात, शेवट मध्यावर. त्यामुळे बाहेरच्या चार रांगा माझ्या सगळ्यात वाईट दिवसांतल्या. टाके शेंगदाण्याएवढे, तेही तिरपे. दिवाळीनंतरच्या रांगांत टाका तांदळाएवढा झालाय. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "फरक वाटतो का?" मला धड सांगता यायचं नाही. गोधडी उलगडली की दिसायचं.

तुम्हीही आजारपणात काही शिवलं, विणलं, भरलं असेल तर लिहा. फसलेलंही चालेल.

मानेवाड्याहून

माझी केमो ऐन मे महिन्यात. बाहेर ४५ अंश आणि भेटायला येणारी प्रत्येक जण लोकरीचे गुंडे घेऊन येत होती! लोकर मांडीवर ठेवली तरी जीव जायचा. शेवटी सुती दोरा आणि क्रोशाचा जाड आकडा मागवला. सुई नकोच होती, कारण प्लेटलेट्स कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी टोचाटोची टाळायला सांगितलं होतं. शिवाय बोटांची टोकं बधिर, सुई हातात आहे की पडली तेही कळायचं नाही.

खरा घोळ मोजण्याचा. साखळीचे टाके किती, खांबाचे किती, दहाच्या पुढे डोक्यात राहीचना. मग वाटीत चिंचोके ठेवले. एक खांब झाला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. नातू मध्येच येऊन दोन्ही वाट्या एक करून गेला त्या दिवशी मी रडले, आणि मग सगळं उसवलं. तो रुमाल आठ कोनांचा व्हायचा होता, सातच झाले. टीव्हीवर घातलाय.

महालातून

मानेवाड्याच्या ताई, ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई लागू देऊ नका. माझ्या बहिणीला एवढ्याशा जखमेतून संसर्ग होऊन हात सुजला होता. पुढे भरतकाम कराल तेव्हा बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी, घालाच.

गोळीबार चौकाजवळून

पुरुषाने लिहिलं तर चालते ना? मला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा घाबरलो, मग समजलं की ते औषधाचंच. सुरुवातीचे दिवस वरच्या खोलीत एकटा, ताट दाराशी.

आम्ही कोष्टी, विणकर. आजोबांचा माग मी लहान असतानाच विकला. माझा हात कधी धोट्याला लागला नाही. खोलीत संत्र्याचं रिकामं खोकं होतं. त्याच्या पुठ्ठ्याला कडेने खाचा पाडल्या, ताणा, म्हणजे उभे दोरे, बांधला आणि जाड सुईने बाणा, म्हणजे आडवे दोरे, भरायला लागलो. खूळच म्हणा! करवत काठ करायचा होता, करवतीसारखे दाते असलेला. त्यात काठाचा रंग आणि अंगाचा रंग दाताच्या रेषेवर एकमेकांत अडकवावे लागतात. नाही अडकवले तर तिथे फट राहते. पहिल्या पट्टीत सगळ्याच फटी. बाबा दारातून पाहून गेले, बोलले काही नाही. दुसऱ्या दिवशी ताटाखाली कागद होता, त्यावर पेन्सिलीने दोऱ्यांची अडकवण काढलेली. त्यांना हे येतं हे मला त्या दिवशी कळलं. दाते अजून सारखे येत नाहीत.

धरमपेठेतून

माझा अनुभव उलटा. गुडघा बदलल्यावर मुलीने भरतकामाचं सगळं सामान आणून दिलं, रिंग, दोसुती कापड, अँकरच्या दोऱ्याच्या लड्या. सहा पदरांतले दोन वेगळे करतानाच माझा संयम संपला, वर मान धरली. व्यायाम सोडून मी फुलं भरत बसले म्हणून फिजिओथेरपीवाली ओरडली ती वेगळीच. आवड नसेल तर नका हो करू. मी रेडिओ ऐकला, छान बरी झाले.

पाचपावलीतून

मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणं कधी उठेल नेम नाही, थंडीत जास्त. मोठं काम हाती घेतलं की अर्धवट राहतं आणि तिला राग येतो. म्हणून तळहाताएवढे चौकोनच भरते, एकेकात एकच टाका: साखळी, काश्मिरी, गाठीचा. शेजारचे शिंपी चिंध्या देतात. बाजूला पाण्याची बाटली, ती संपल्याशिवाय नवा चौकोन नाही, हा माझा नियम. आतापर्यंत एकतीस झाले. जोडायचे कशाला, विचारते ती.

धागा काढणारी

धरमपेठेच्या काकू, मान्य! गोळीबार चौकवाले दादा, बाबांच्या त्या कागदाचा फोटो जमला तर टाका.

बाहेरच्या रांगा उसवून नीट घालाव्यात असं मी ठरवलं होतं. पण भाचीचं बाळ नेमकी तीच कड तोंडात धरून झोपतं, सैल टाके त्याच्या बोटांत येतात. कात्री ठेवून दिली.