'मृत्युंजय' पुन्हा वाचली आणि कर्ण हातातून निसटला

अडगळीतला:
दोन महिन्यांत तीन पुस्तकं झाली. विश्राम बेडेकरांची १९३९ची 'रणांगण' एका दुपारी संपली, तिच्यावर पुन्हा कधीतरी. मग शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि तिच्या पाठोपाठ इरावती कर्व्यांची 'युगान्त', म्हणजे महाभारतातल्या माणसांवरचे लेख. भांडायचंय ते या दोन पुस्तकांवरून.

'मृत्युंजय' अकरावीत वाचली तेव्हा उशी भिजली होती. आता पंचेचाळिशीत शंभर पानांतच धाप लागली. एकेका नामाला दोन-दोन विशेषणं, साध्या उसाशालाही उपमा. पण भाषा सोडा. द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी' (वेश्या) म्हणणारा, पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला फर्मावणारा माणूस महाभारतात कर्णच आहे. घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेलं तेव्हा हा मित्र पळाला. विराटाच्या गाईंवरून झालेल्या लढाईत अर्जुनाकडून मार खाऊन परतला. कादंबरीला हे सावरून घ्यावं लागतं, कारण तिला कर्ण थोरच हवा आहे. इरावतीबाईंना तसली घाई नाही. दोन्ही पुस्तकं १९६७ची. घराघरांत मात्र एकच गेलं.

बांधावरची:
साफ असहमत. कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. आमचे अण्णा इचलकरंजीला सूतगिरणीत फिटर होते. स्वतःला गमतीने 'सूतपुत्र' म्हणवून घ्यायचे. शाळा सातवीपर्यंत. त्यांनी आयुष्यात एकच जाड पुस्तक वाचलं, तेही चार वेळा, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत. ज्याला गुण असून दारातच 'तू कुणाचा?' विचारलं जातं, त्याची गोष्ट आजऱ्याकडच्या एका सत्ताविशीतल्या मुलाने लिहिली आणि ती अण्णांपर्यंत पोचली. तुमची विशेषणं त्यांना टोचली नाहीत. उलट मोठ्याने वाचायला ती बरी पडतात, वाचून बघा.

पोथीनिष्ठ:
अण्णांबद्दल आदर आहेच, पण संहितेचं काय? भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती (हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला पुरी झाली. 'मी सूताला वरणार नाही' हे द्रौपदीचं गाजलेलं वाक्य त्या आवृत्तीने मुख्य संहितेत घेतलेलंच नाही. म्हणजे कर्णाच्या ज्या अपमानावर पिढ्यान् पिढ्या हळहळल्या, तो मागाहून चिकटलेला दिसतो. आणि सूत म्हणजे गावकुसाबाहेरचा असंही नाही. संजय सूत होता. कीचकही सूतपुत्र, आणि विराटाच्या घरी त्याचा थाट कोण!

बांधावरची:
स्वयंवर सोडलं. पण राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या मैदानात कृपाचार्यांनी कर्णाला कुळ विचारलं की नाही? त्याला वाढवणारा सारथी बाप अधिरथ आल्यावर भीम म्हणाला की नाही, तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक धर म्हणून? कीचक राणीचा भाऊ होता हो. मेहुण्यांचं सगळीकडेच चालतं. :)

पोथीनिष्ठ:
मेहुण्यांबाबत माघार. चाबकाबाबतही.

कृष्णविवर:
अवांतर: पौराणिक कादंबऱ्यांचं ओझं झालं असेल तर नारळीकरांचं विज्ञानकथांचं 'यक्षांची देणगी' घ्या. एवढ्यातच पुन्हा वाचलं. भाषा कोरी, नळाच्या पाण्यासारखी, पण गोष्ट संपली तरी कल्पना डोक्यात फिरत राहते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती, आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. ज. वि. ना. (जयंत विष्णू नारळीकर) उलटी करून जुळवलेली आद्याक्षरं!

बांधावरची:
त्यांची पात्रं मात्र मला फळ्यासमोर उभी असल्यासारखी वाटतात. असो, धागा कर्णाचा आहे.

माजघर:
'मृत्युंजय'मध्ये कोण कोण बोलतं ते मोजा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. आई, बायको, भाऊ, मित्र. ज्यांचा जीव त्याच्यात अडकलाय तेच साक्षीला. द्रौपदीला एकही प्रकरण नाही. सावरासावर कुठे झाली हे शोधायला द्यूतसभेपर्यंत जायचीही गरज नाही, अनुक्रमणिका पुरे.

पण म्हणून 'युगान्त' म्हणजे निव्वळ तर्क, हेही मला पटत नाही. द्रौपदीवरच्या लेखाचा शेवट आठवा. हिमालयाच्या वाटेवर ती कोसळलीय, भीम मागे वळून तिच्यापाशी येतो आणि ती त्याला म्हणते, पुढच्या जन्मी पाचांतला थोरला हो. हे व्यासांनी लिहिलेलं नाही. ते इरावतीबाईंचं आहे, आणि अख्ख्या पुस्तकातलं मला तेच पान पाठ आहे. भीमावर माया केलेली चालते, मग सावंतांनी कर्णावर केली तर धाप का लागते?

अडगळीतला:
अनुक्रमणिकेचा मुद्दा मला सुचायला हवा होता. जळलो.

भीमाचं पान काल रात्री काढून वाचलं. मान्य. पण त्या एका पानाआधी त्याच लेखात बाई द्रौपदीलाही सोडत नाहीत. भर सभेत धर्माचा पेच टाकून पांडित्य दाखवणं ही तिची चूक होती असं त्या सरळ म्हणतात. आधी झाडाझडती, मग माया. 'मृत्युंजय'मध्ये झाडाझडतीच होत नाही. अण्णांना मात्र माझा नमस्कार सांगा, धाग्यातलं बाकी काही सांगू नका.

आता उमा कुलकर्णींनी अनुवादलेलं भैरप्पांचं महाभारतावरचंच 'पर्व' घरी आणून ठेवलंय. जाडी बघून दोनदा परत ठेवलं.

बांधावरची:
अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. पण त्यांची प्रत आहे, तिला सांगते.

माजघर:
'पर्व'च्या सुरुवातीचा शल्य नेटाने पार करा. तिथेच बरेच जण बसकण मारतात.