कोकणातील जिल्हा रुग्णालयांत शस्त्रक्रियेचे रोबो आणावेत का?

चर्चाप्रस्ताव (देवगड)
गेल्या पावसाळ्यात मावशीचे पित्ताशय काढण्यासाठी आम्हाला तिला घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागले. प्रत्येक वळणावर ती पोटाशी उशी आवळून कण्हत होती. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून, फ्रान्समधील स्ट्रासबूर्गच्या रुग्णालयातील एका महिलेचे पित्ताशय रोबोच्या हातांनी काढले होते. आता एसएसआय मंत्रासारखा भारतीय बनावटीचा रोबोही उपलब्ध असताना, मुंबईच्या निष्णात सर्जनचे हात सिंधुदुर्गापर्यंत का पोहोचू नयेत? जिल्हा रुग्णालयासाठी रोबो मागणारे निवेदन द्यावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (गुहागर)
ताई, मावशींचे हाल मी समजू शकते, पण मागणीशी सहमत नाही. मी परिचारिका आहे. हा रोबो स्वतः काहीच ठरवत नाही. सर्जन पडद्यासमोर बसून त्याचे हात हलवतो. रुग्णापाशी भूलतज्ज्ञ लागतो, अवजारे बदलणारा साहाय्यक लागतो आणि रक्तस्राव आवरेनासा झाला तर तत्काळ पोट उघडू शकणारा दुसरा सर्जनही लागतो. स्ट्रासबूर्गलाही रुग्णापाशी डॉक्टर उभे होते आणि जोडणीसाठी खास फायबरची तार राखून ठेवलेली होती. आपल्याकडे जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनची कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, हे विसरून कसे चालेल?
एका रात्री सीझरसाठी नेलेल्या मुलीच्या पोटावर यंत्र धरून मी दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके मोजत होते, कारण भूलतज्ज्ञ दुसऱ्या तालुक्यातून यायचे होते. ठोके मंदावत चाललेले मला ऐकू येत होते. बाळ वाचले, पण ती वाट पाहणे कोणत्याही रोबोने टळले नसते.

प्रतिसाद (देवगड)
माणसांची उणीव मला मान्य आहे. मात्र साधनेच नसतील तर शिकलेला सर्जन येथे टिकणार तरी कसा?

प्रतिसाद (गुहागर)
महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागवून प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला, तेव्हा त्यांच्याजवळ कोणती मोठी साधने होती? तरीही प्रत्येकाकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे मी मान्य करते. निवेदनात भूलतज्ज्ञाची पदे पहिल्या ओळीत घाला आणि रोबो त्याखाली. मग मीही सही करीन.