इस्लामी समाजांत रुग्णसेवेतील ‘अध्यात्म’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न (परिचारिका, मुंबई):
मी अतिदक्षता विभागात काम करते. गेल्या महिन्यात एक वृद्ध मुस्लिम रुग्ण, एका हाताला सलाईन लावलेले असतानाही, पलंगाशेजारच्या भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून ते पुनःपुन्हा चेहऱ्यावरून फिरवीत होते. त्यांना भ्रम झाला असावा असे समजून मी तशी नोंद केली आणि हात बांधून ठेवावेत का, असे डॉक्टरांना विचारलेही. अब्बा नमाजाची तयारी करत होते, हे संध्याकाळी त्यांच्या मुलीने सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले. अध्यात्म म्हटले की मला नामस्मरण आणि मनःशांती एवढेच सुचते. इस्लामी समाजांत आजारपणाच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ काय होतो?

उत्तर (डॉक्टर, कुर्ला):
ते ‘तयम्मुम’ करत होते. आजारामुळे पाणी वापरता येत नसेल तर वजूऐवजी (नमाजापूर्वी पाण्याने हात-तोंड धुण्याऐवजी) मातीने शुद्ध होण्याची मुभा कुराणातच आहे. हनफी पंथात भिंत किंवा दगड चालतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, आम्हाला धूळ असलेली स्वच्छ मातीच लागते. हा तपशील मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे रूहानियत, म्हणजे अध्यात्म, शरीरापासून वेगळी काढता येत नाही. पाणी, दिशा, वेळ, अन्न या सगळ्यांतून ती चालते. ‘मी आजारी पडतो तेव्हा तोच मला बरे करतो’ हे कुराणातील हजरत इब्राहिम यांचे उद्गार रुग्णाला धीर देतात, पण म्हणून औषध सोडा असे कोणी सांगत नाही. अल्लाहने इलाजाशिवाय कोणताही आजार पाठवलेला नाही, असे पैगंबरांचे वचन आहे. तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा, याचा अर्थ आधी उंट बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा. घरचे लोक ‘अल्लाहची मर्जी’ म्हणतात तेव्हा त्यांनी प्रयत्न सोडले, असा अर्थ कृपया काढू नका.

उत्तर (इतिहासाची अध्यापिका, दादर):
याला जुना वारसा आहे. 934 साली निवर्तलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. घरात जशी औषधे आधीच आणून ठेवतात, तसे धीर देणारे विचार निरोगी असतानाच मनात साठवावेत, असे त्यांनी सुचवले आहे. कैरोमध्ये 1284 साली सुलतान कलाऊन याने उभारलेले रुग्णालय वक्फच्या, म्हणजे धर्मादाय दिलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नावर चाले आणि तेथे गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांवर उपचार होत. रुग्णसेवेसाठी मालमत्ता कायमची देऊन टाकणे हीच तेथे उपासना मानली जाई. मात्र सगळेच गौरवास्पद आहे असे मला म्हणायचे नाही. मानसिक आजाराला जिन्नाची बाधा समजून उपचार लांबवण्याचे प्रकार अनेक देशांत आजही घडतात, आणि त्यात रुग्णाचे नुकसान होते.

उत्तर (डॉक्टर, कुर्ला):
मान्य आहे, आणि रमजानमध्ये मला तेच दिसते. आजारी माणसाला रोजातून सूट स्पष्टपणे दिलेली आहे, तरीही मधुमेहाचे रुग्ण ती घ्यायला संकोचतात. इन्सुलिनच्या सुईने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमांचे (धर्मपंडितांचे) मत असूनही अनेकजण न विचारताच मात्रा चुकवतात. म्हणून रमजानपूर्वी मी स्वतःहून विषय काढतो. धर्माबद्दल विचारले तर रुग्णाला अवघडल्यासारखे होईल असे तरुण डॉक्टरांना वाटते. माझा अनुभव असा, की ‘नमाजाची सोय हवी का’ एवढे विचारले तरी रुग्ण मोकळा होतो. मुंबईत किबला, म्हणजे नमाजाची दिशा, साधारण पश्चिमेला येतो. पलंग फिरवता येत नसेल तर दिशा सांगावी, तेवढ्याने भागते. अंतिम अवस्थेत नातेवाइकांना कानाशी कलमा (श्रद्धेचे वचन) म्हणू द्यावा आणि इयादतीला, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस करायला, येणाऱ्यांसाठी ठरावीक वेळ ठेवावी.

प्रश्नकर्त्या परिचारिका:
आपणा दोघांचे मनापासून आभार. भ्रमाची ती नोंद आज डॉक्टरांच्या सहीने दुरुस्त करून घेतली. आता एकच अडचण उरते. शाफई रुग्णासाठी माती लागेल, आणि अतिदक्षता विभागात उघडी माती संसर्गाच्या दृष्टीने चालणार नाही. निर्जंतुक केलेली माती बंद डबीत ठेवली तर ती तयम्मुमला चालेल का?